आधी बरी हो, मग गा?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवळात (आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो) रविवारी एक मुलगी यायची. वय चौदा. बौद्धिक अक्षमता आहे, बोलणे जवळजवळ नाही. पण गायन सुरू झाले की ती डोलायची, टाळ्या वाजवायची. गायन संपले तरी टाळ्या चालूच. मग एखादे पंच मागे वळून पाहायचे आणि आई तिला घेऊन बाहेर चिंचेखाली जाऊन बसायची. बाप आतच. म्हणजे उपासनेतून दोन बायका बाहेर, आणि त्याची चर्चा कुठेच नाही.

याच मायलेकींना पुढे बोलावले जाई ते फक्त आरोग्याच्या प्रार्थनेसाठी. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि आईचा विश्वास कुठे कमी पडला याची चौकशी करायची. प्रार्थनेला माझा विरोध नाही, मीही करते. पण उपासनेतला आनंद हे बरे झाल्यावर मिळायचे बक्षीस आहे का? योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. आमच्याकडे तो प्रश्न अजून चालू आहे, फक्त त्यातून बाप गळला आहे. लूकमधल्या मेजवानीच्या दाखल्यात तर लंगड्या-आंधळ्यांना थेट पंगतीला बोलावतात. आधी बरे होऊन या, असे कोणी म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंचे नाव आम्ही अभिमानाने घेतो. १८८३ साली त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमले नाही, हे कितीजणींना ठाऊक असते? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांनाही आसरा मिळाला, आणि त्यांना ब्रेल शिकवले गेले. त्यांच्या हातात वाचन आले. नुसती दया नव्हे.

हे सारे मी महिला मंडळाच्या बैठकीत बोलले. एक आजी म्हणाल्या, "अगं, पण उपासनेची शांतता?" मी म्हटले, ढोलकी, पेटी आणि झांजा वाजतात तेव्हा कुठे असते शांतता? त्या हसल्या. पुढच्या रविवारी त्यांनीच स्वतःची झांज त्या पोरीच्या हातात दिली.

आता ती पहिल्या रांगेत बसते. गायन संपल्यावर तिचे दोन-चार ठोके उरतात, ढोलकीवाला तेवढे वाजवून घेतो. तिची आई इतकी सुरेल गाते, हे आम्हांला इतक्या वर्षांनी कळले.

एक पंच अजूनही मागे वळून पाहतात. आणि दाराच्या तीन पायऱ्यांवर उतरण बांधायला पैसे नाहीत म्हणे. नव्या लाउडस्पीकरचे मात्र महिन्यात जमले होते.