वहीतली आरमारी लढाई

कोलाडला कुंडलिका आहे, समुद्र नाही. तरी आपल्याकडच्या कित्येक घरांतले अब्बा जहाजावर किंवा आखातात नोकरीला असतात. फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" यापुढे मुलांचं बोलणं सरकत नाही. अशा घरांसाठी हा खेळ.

दोघांनी आपापल्या वहीत दहा बाय दहा घरं आखावीत आणि पाच जहाजं लपवावीत. मग आळीपाळीने घर सांगायचं, "क सात." समोरच्याने "लागला" किंवा "हुकला" म्हणायचं.

मे १९४२ मध्ये पॅसिफिकच्या कोरल समुद्रात अशीच न दिसणारी लढाई झाली. जपानी आणि अमेरिकन जहाजांनी एकमेकांना पाहिलंच नाही, लढली ती विमानं. ७ मेला जपानी टेहळ्यांनी एका तेलवाहू जहाजाला विमानवाहू नौका समजून खबर दिली. विमानं तिकडे धावली आणि खऱ्या विमानवाहू नौका त्या हल्ल्यातून वाचल्या. चुकीची खबर महागात पडली.

आपल्या खेळातही समोरची वही दिसत नाही, पंचही नसतो. भरवसा फक्त शब्दाचा. म्हणून शेवटचं जहाज बुडतानाही मुलाने खरं "लागला" म्हटलं, तर अब्बांनी त्याची शाबासकी आधी द्यावी, जिंकल्याची नंतर.