एकच रिमोट पुरे

मुले मुंबईला, घरी एकटी आजी आणि हाती दोन रिमोट, एक टीव्हीचा, एक डिशचा! आमच्या माणगावात अशी घरे कमी नाहीत. टीव्ही लावायला आजीने शेजारच्या पोराची वाट पाहावी, हे आम्हाला पटत नाही. जुने रिमोट चालू आहेत तोवरच ‘लर्निंग’ रिमोट आणावा. त्याची सेटची कळ दिवा लागेपर्यंत दाबावी, जुना रिमोट तोंडाला तोंड लावून धरावा नि दोघांची एकेक कळ दाबत जावे. जुन्याचे अवरक्त किरणांचे इशारे नवा शिकतो. (नेमका क्रम सोबतच्या कागदावर असतो.) जुन्याची शंका असेल तर कळ दाबून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याचे टोक पाहावे, जांभळट चमकले तर तो जिवंत. ब्लूटूथवाल्याची नक्कल मात्र होत नाही. आजीला चालू-बंद, आवाज, चॅनेल पुरे. उरलेल्या कळांवर चिकटपट्टी लावावी.