तिसऱ्या भाषेच्या वादात न दिसलेले मूल

इयत्ता पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या प्रश्नावरून २०२५ साली महाराष्ट्रात रान पेटले. १६ एप्रिलचा शासननिर्णय, १७ जूनला त्यात झालेली दुरुस्ती आणि अखेर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा, असा हा अडीच महिन्यांचा प्रवास वाचकांच्या स्मरणात असेल. मराठीच्या बाजूने जे बोलले गेले, त्यातील सर्वांत सबळ युक्तिवाद असा, की सहा वर्षांच्या बालकावर घरात न बोलली जाणारी भाषा लादणे शिक्षणशास्त्राला धरून नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र तोच आपल्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील पाड्यांवर नेऊन पाहिला, तर आपण मराठीभाषकच अडचणीत येतो. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतील वारली किंवा कोकणा मुलाच्या घरात पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठीही बोलली जात नाही. त्याची पहिली भाषा त्याची बोली. मराठी ही दुसरी. त्या वादंगात या मुलाची आठवण क्वचितच कोणाला झाली.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या प्रदेशात अनुसूचित जमातींची संख्या सुमारे ३७ टक्के आहे, म्हणजे हा मूठभरांचा प्रश्न नव्हे. कायद्याची उणीव आहे असेही नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० क १९५६ पासून सांगत आहे; शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितले. तिन्ही ठिकाणी 'शक्य तेथे' या अर्थाची पळवाट आहे आणि पाड्यावरच्या शाळेत ती फार रुंद होते. दूरच्या जिल्ह्यातून बदलीवर आलेल्या गुरुजींना वारली बोली येत नाही आणि मुलाला गुरुजींची भाषा कळत नाही. मग मूल गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलाला आपण 'मंद' म्हणतो.

तथापि प्रश्न केवळ भाषेचा नाही. शिकणे म्हणजे काय, याविषयीच्या दोन कल्पनांची येथे गाठ पडते. कडू कंद वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवला म्हणजे खाण्याजोगा होतो, पहिल्या पावसात ओढ्याने उलट चढणारे वलगणीचे मासे कोठे अडवायचे, धाकट्या भावंडाला कमरेवर घेऊन गुरे कशी वळायची, हे पाड्यावरचे मूल लहान वयातच जाणू लागते. हे शिकविणारा पगारी शिक्षक नसतो. मोठ्यांबरोबर राहून, पाहून, हाताने करून आणि चुकून ते अंगवळणी पडते. कोणी पहिला येत नाही, कोणी नापास होत नाही. विवाहप्रसंगी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक रेखाटतात आणि धवलेरी तोंडपाठ असलेली दीर्घ गीते गाते. शेजारी बसलेल्या मुली दोन्ही पाहत-ऐकत मोठ्या होतात. वारली समाजात हा चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'. ज्या समाजाला आपण पिढ्यान्‌पिढ्या निरक्षर म्हटले, त्याच्याजवळ लिहिण्यासाठी स्वतःचे क्रियापद होते आणि स्वतःची भिंतही होती. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली 'पद्मश्री' मिळाली तेव्हा आपल्या सर्वांना अभिमान वाटला. आज शहरातल्या इंग्रजी शाळांच्या कुंपणभिंतींवरही वारली चित्रे दिसतात. त्या चित्रांतली माणसे मात्र त्याच शाळांच्या वर्गांत अभावानेच दिसतात.

या ज्ञानाचे गोडवे गाऊन शाळेला नावे ठेवणे सोपे आहे, आणि अलीकडे तशी फॅशनही आहे. ती पालघर जिल्ह्याला परवडणारी नाही. गोदावरी परुळेकर यांचे १९७० सालचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले आहे, त्यांना लग्नगडी कोण हे सांगावे लागणार नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी आयुष्यभर सावकाराच्या घरी राबणारा तो माणूस. कंदमुळांचे कितीही सूक्ष्म ज्ञान असले तरी सावकाराच्या वहीतला आकडा त्याला वाचता येत नव्हता. आजही वनहक्क कायद्याखालील दावा कागदावरच सिद्ध करावा लागतो, आणि बुलेट ट्रेन किंवा वाढवण बंदरासारख्या प्रकल्पांच्या नोटिसा कोणत्याही बोलीत निघत नाहीत. आदिवासी मुलाला अक्षर, आकडा आणि इंग्रजीही हवी. मात्र त्यासाठी त्याने घर विसरावे, ही अट कोणी व का घातली?

अट न घालताही शिक्षण देता येते, हे याच जिल्ह्याच्या भूमीत सिद्ध झालेले आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना सोबतीस होत्या. ताराबाईंच्या हाती माँटेसरी पद्धत होती, इटलीत जन्मलेली आणि महागड्या साधनांवर चालणारी. त्यांनी पद्धत ठेवली आणि साधने बदलली: शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे, माती. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला; २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम विस्तारले. मोठी बहीण शाळेत का येत नाही? तर धाकट्याला सांभाळायचे असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मुलगा गुरांमागे जातो? मग शिक्षकाने कुरणात जावे, ती कुरणशाळा. दिवसभर काम असेल त्याच्यासाठी रात्रशाळा. पाश्चात्त्य शिक्षणपद्धती आणि आदिवासी जीवन यांचा मेळ कसा घालावा, यावर परिसंवाद पुष्कळ होतात. या दोन स्त्रियांनी तो वेळापत्रक आणि चिंचोके यांच्या साहाय्याने घातला होता.

वसईकरांना आणखी जवळचे उदाहरण म्हणजे 'विधायक संसद' या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर चालविलेल्या भोंगा शाळा. भट्टीवरचे मजूर विटा रचून जे तात्पुरते खोपटे उभारतात, तो भोंगा. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर येते आणि पावसाच्या तोंडावर परतते. शाळेचे वर्ष या दोन्ही टोकांना कापत जाते. तेव्हा शाळाच भोंग्यात भरविण्यात आली. आपण मात्र आजही मूल हजेरीपटावरून गळाले की दोष पालकांच्या अनास्थेला देतो, दिनदर्शिकेला देत नाही.

उलट मार्ग कोठे जातो, हे पाहण्यासाठी ख्रिस्तसभेनेच स्वतःच्या इतिहासाकडे पाहावे. कॅनडात दीड लाखांहून अधिक मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवण्यात आले. शासनाच्या त्या शाळांपैकी बहुसंख्य शाळा कॅथलिक संस्था चालवीत असत. मातृभाषेत बोलल्याबद्दल तेथे शिक्षा होई. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी मास्क्वासिस येथे त्या समाजाची क्षमा मागितली. आपली आश्रमशाळा किंवा मिशनचे बोर्डिंग म्हणजे कॅनडा नव्हे. येथे पालक स्वेच्छेने मूल ठेवतात, आणि दोन वेळचे जेवण व दहावीपर्यंतचा रस्ता ही लहान गोष्ट नाही. आपल्या धर्मभगिनींनी या भागात घेतलेले कष्ट कोणीही नाकारू नयेत. परंतु सहा वर्षांचे मूल वर्षातले बहुतेक महिने पाड्याबाहेर राहिले, तर राब कधी भाजायचा हे त्याला कोण शिकविणार, हा प्रश्न उरतोच. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि 'ख्रिस्तपुराण' मराठीत, पुराणाच्या घाटात रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याची भाषा आधी शिकावी, ही परंपरा आपल्याला उसनी आणायची नाही.

आणि पाड्याकडे बोट दाखविताना घराकडेही पाहू या. आपल्या कुपारी कुटुंबांत आजी कादोडीत बोलते, आई मराठीत उत्तर देते आणि नातू इंग्रजीत. वाडीतली फुलझाडे, विहिरीचे पाणी, सुकेळी वाळविण्याची रीत हे सारे आजीच्या शब्दांत साठविलेले आहे, आणि नातवाच्या कोणत्याही परीक्षेत त्याला गुण नाहीत. वारली मुलाचे दुःख समजण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

शासन काय करील ते करो. धर्मप्रांताच्या शाळांना व बोर्डिंगना काही गोष्टी कोणाच्या परवानगीवाचून करता येतील. पहिली-दुसरीच्या वर्गात त्याच पाड्यावरची, बोली जाणणारी एक सहायक ताई नेमावी. आवणीच्या दिवसांत मुलांना आठवडाभर घरी सोडावे आणि परतल्यावर शेतात जे केले त्याचेच गणित व निबंध घ्यावेत. बोर्डिंगमध्ये महिन्यातून एखादे वेळी धवलेरीला, तारपा वाजविणाऱ्याला, औषधी झाडपाला जाणणाऱ्या वृद्धाला बोलवावे, आणि बोलवावे ते मानधन देऊन, शिक्षक म्हणून. स्नेहसंमेलनातील शोभेसाठी नव्हे. वसई पूर्वेच्या भट्ट्यांवर कुटुंबे दिवाळीनंतर उतरू लागतात. त्यांच्या मुलांसाठी जवळच्या धर्मग्रामांनी वर्ग भरवायचे ठरविले, तर भोंग्यात बसून शिकवायला तयार असलेले तरुण गणपतीच्या सुमारासच शोधायला लागावे लागेल.