बॅलेचे बूट : नरम करावेत, पण कोठे?



सोलापूरच्या एका कापडव्यापारी वाचकांनी विचारले आहे, ‘इंग्लंडमध्ये नात बॅले शिकते. नवे बूट घरी आले आणि सूनबाई ते हातांनी वाकवीत बसल्या. इतका महाग माल वापरण्याआधीच कोणी मोडतो का?’ व्यापाऱ्याच्या मनात यावा असाच हा प्रश्न आहे. उत्तर बुटाच्या घडणीत सापडते.

पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहून नाचण्याची कला पॅरिसमध्ये १८३२ साली ‘ला सिल्फीद’ या बॅलेतून मारी ताग्लिओनी या नर्तिकेने गाजवली. तिचे बूट मऊ साटिनचे होते. टोकाला आणि कडांना घातलेली रफू एवढाच त्यांना आधार. आजच्या बुटाचे टोक मात्र कठीण असते. जाडेभरडे कापड आणि कागद यांचे थर खळीने एकावर एक चिकटवून ते घडवतात व भट्टीत वाळवतात. तळव्याखाली पुठ्ठ्याची किंवा तत्सम पदार्थाची ताठ पट्टी असते. वरून रेशमी दिसणारे साटिन. आत लोखंड किंवा लाकूड असते हा निव्वळ गैरसमज.

खळीचे हे टोक घाम आणि पायाची ऊब यांनी हळूहळू विरघळत जाते. म्हणजे बूट वापरू लागताच मरू लागतो. तेव्हा तो सरसकट मऊ करणे हा शहाणपणा नव्हे. जेथे पाऊल वाकते तेथेच तो वाकला पाहिजे आणि जेथे शरीराचा भार पडतो तेथे ताठ राहिला पाहिजे. नवी चप्पल चावू नये म्हणून आपण तिला तेल लावतो, ती वर्षानुवर्षे अधिक सुखद होते. येथे तसे नाही. मोठ्या रंगमंचावरील प्रमुख नर्तिकेची एक जोडी एका प्रयोगातही संपू शकते. हिशेबाच्या भाषेत ही खरेदी भांडवली नव्हे, महसुली खर्चात धरावी.

आता कृती. प्रथम बूट घालून कमानीची नेमकी जागा पाहतात. ती बहुधा टाचेच्या किंचित पुढे असते. तेथे पट्टी दोन्ही हातांनी बेताने वाकवतात. बुटाच्या बरोबर मध्यावर घडी घातली की आधार गेला आणि पैसेही गेले. टोकाच्या बाजू तळहाताने किंचित दाबतात. फिती आणि इलॅस्टिक नर्तिकेला स्वतःलाच शिवावे लागते, कारण प्रत्येकीच्या घोट्याची जागा वेगळी. फितीची टोके उसवू नयेत म्हणून ज्योतीवर अलगद वितळवतात. तळवा घसरू नये म्हणून कानशीने खरवडतात. राळेची पूडही लावतात. मग घरात चवड्यांवर हळूहळू वर-खाली होत बूट पायाला ओळखीचा करावयाचा.

व्यावसायिक नर्तिका दाराच्या बिजागरीत बूट दाबतात, हातोडीने ठोकतात, पट्टीचा तुकडा कापून काढतात, टोकात लाख किंवा झटपट चिकटणारा गोंद ओततात. आवाज कमी व्हावा हाही ठोकण्याचा एक हेतू. विद्यार्थिनीने यातले काहीही शिक्षिकेला विचारल्याशिवाय करू नये. अतिमऊ बुटात घोटा मुरगळण्याचे भय असते. वाढत्या वयातील पावलांची हाडे कोवळी असतात. साधारणतः अकरा-बारा वर्षांपूर्वी, आणि पावलांत बळ आल्याशिवाय, असे बूट घेऊन देण्याची आजी-आजोबांनी घाई करू नये. नातीचा फोटो नातेवाइकांना थोडा उशिरा दाखवता येईल.

वर्गानंतर बूट बंद पिशवीत कोंबू नयेत, हवेशीर टांगून वाळवावेत. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर दोन्ही अधिक टिकतात.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतोच. बहुतेक बुटांचा तळवा चामड्याचा असतो. खळ पुष्कळदा पिठाची असली तरी प्रत्येक कारखान्याची नसते, आणि साटिन कशाचे हेही पाहावे लागते. चामड्याविना बूट आता मिळू शकतात. न्यूयॉर्कच्या गेनर मिंडन या कंपनीने १९९३ पासून आणलेल्या बुटांत पुठ्ठ्याऐवजी लवचीक कृत्रिम पदार्थ वापरला जातो, त्यामुळे ते फारसे नरम करावे लागत नाहीत. तरी तळवा, खळ आणि कापड या तिन्हींविषयी विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘हो’वर विसंबू नये, ही माझी बँकेतली सवय.

लंडनची ‘फ्रीड’ ही १९२९ पासूनची पेढी हाताने बूट घडवते. तिथे प्रत्येक कारागीर तळव्यावर आपली खूण उमटवतो, कोणाचे अक्षर, कोणाचा मुकुट, कोणाची घंटा. नर्तिका वर्षानुवर्षे एकाच खुणेचे बूट मागवतात. कारागीर निवृत्त झाला की जुना सराफ गेल्यासारखी त्यांची अवस्था होते, आणि नव्या हाताचे बूट नरम करण्याची रीत त्यांना पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते.