खुर्चीवर बसलेला खेळाडू

हैदराबादेतील विद्यानगर भागात राहणाऱ्या आमच्या एका वाचक भगिनींनी आम्हांस एक प्रश्न पाठविला आहे. त्यांचा मुलगा महाविद्यालयात शिकतो. सायंकाळी मित्रांबरोबर तो स्नूकर पाहतो, कधी खेळतोही. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. त्यांना कोडे पडले आहे ते निराळेच. मुलाने भिंतीवर ज्या खेळाडूचे चित्र लावले आहे, तो जिमी व्हाइट जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सहा वेळा पोहोचला आणि सहाही वेळा हरला. "जिंकणाऱ्यांना सोडून हरणाऱ्याचे हे कौतुक कशासाठी?" असे त्या विचारतात. प्रश्न वरवर खेळाचा आहे. परंतु मुले कोणाला मोठे मानतात आणि का मानतात, ही गोष्ट प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याची आहे. यास्तव आज तिचा थोडा विस्ताराने विचार करू.

आपल्या खेडेगावांतून क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी सर्वांना ठाऊक आहेत. स्नूकर तितकेसे ठाऊक नाही. म्हणून आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असे एक टेबल असते. त्यावर हिरवे कापड ताणून बसविलेले असते आणि कडेला सहा खिसे असतात. टेबलावर पंधरा लाल चेंडू, सहा इतर रंगांचे चेंडू आणि एक पांढरा चेंडू असतो. हातातील लांब काठीने, म्हणजे क्यूने, पांढऱ्या चेंडूला टोला द्यावयाचा आणि त्याच्या धक्क्याने दुसरा चेंडू खिशात घालावयाचा. प्रथम लाल, मग एखादा रंगीत, पुन्हा लाल, असा क्रम असतो. लाल चेंडूचा एक गुण, तर काळ्याचे सर्वांत अधिक, म्हणजे सात. प्रत्येक लाल चेंडूमागून काळा घातला आणि शेवटी सर्व रंग ओळीने संपविले, की १४७ गुण होतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. जोवर एक खेळाडू चुकत नाही, तोवर दुसऱ्याला टेबलाजवळ जाता येत नाही. त्याने भिंतीकडेच्या खुर्चीवर गप्प बसून राहावयाचे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला विकेट घेता येते, फुटबॉलमध्ये चेंडू हिसकावून घेता येतो. येथे मात्र प्रतिस्पर्धी समोर डाव जिंकीत असताना हाताची घडी घालून ते पाहावे लागते. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे प्रेक्षक पाहात असतात. आमच्या मते स्नूकरच्या लोकप्रियतेचे मर्म पुष्कळसे या खुर्चीत आहे.

हा खेळ जन्मला आपल्याच देशात. १८७५ साली जबलपूर येथील लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून तो सुरू केला, असे मानले जाते. लष्करी विद्यालयातील नवख्या विद्यार्थ्याला त्या काळी थट्टेने 'स्नूकर' म्हणत. तेच नाव खेळाला चिकटले. पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम बांधले गेले. परंतु जेथे तो जन्मला, तेथे तो दीर्घकाळ क्लबांच्या आणि जिमखान्यांच्या बंद दारांआडच राहिला. जे दिसत नाही, त्यावर लोकांचे प्रेम कसे जडावे?

याचे ठळक उदाहरण म्हणजे विल्सन जोन्स. २ मे १९२२ रोजी पुण्यात जन्मलेले हे गृहस्थ १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले जागतिक अजिंक्यपद त्यांनी मिळवून दिले. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. बिलियर्ड्सचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी बारा वेळा आणि स्नूकरचे पाच वेळा पटकावले. पुढे त्यांनी तरुणांना शिकविले आणि १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. २००३ साली त्यांचे निधन झाले. एवढे असूनही आपल्या गावात त्यांचे नाव किती जणांनी ऐकले असेल? त्यांच्या नंतरचे मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळा हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. तरी त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते टेबलावरील खेळापेक्षा एका नकाराने. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री घेण्याचे नाकारले. क्रिकेटपटू सुनील गावसकरांना पद्मभूषण दिले जाते, मग आमच्या खेळाला कमी का लेखता, असे त्यांचे म्हणणे होते. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कोणाला ते बाणेदार वाटले, कोणाला हट्टी; परंतु त्या दिवशी लोकांना खेळाडूमागचा माणूस दिसला.

इंग्लंडात याउलट घडले. १९६९ साली तेथील बी.बी.सी.ने दूरचित्रवाणीवर रंगीत प्रक्षेपणास साजेसा खेळ म्हणून स्नूकर दाखविण्यास आरंभ केला. चेंडूंचे रंग दिसू लागले, आणि रंगांबरोबर माणसेही दिसू लागली. १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस आरंभी आठ शून्य असा पुढे होता. डेनिस टेलरने एकेक डाव परत मिळवीत बरोबरी साधली आणि अखेरच्या डावातील अखेरच्या काळ्या चेंडूवर सामना जिंकला. तोवर मध्यरात्र उलटून गेली होती, आणि ब्रिटनमध्ये सुमारे एक कोटी पंचाऐंशी लाख लोक जागे राहून तो पाहात होते.

या डेव्हिसची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १९८१ ते १९८९ या काळात तो सहा वेळा जगज्जेता झाला. खेळ निर्दोष, वागणे सभ्य. तथापि लोक त्याला नीरस म्हणत, दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांतून त्याची टिंगल होई. त्याचे यश लोकांना मान्य होते. प्रेम मात्र दुसरीकडे होते. मग वय झाले, पराभव वाट्याला येऊ लागले. हरल्यावर तो स्वतःवरच विनोद करू लागला आणि लहानसहान स्पर्धांत निमूटपणे खेळत राहिला. २०१० साली वयाच्या ५२ व्या वर्षी त्याने तत्कालीन जगज्जेत्या जॉन हिगिन्सला हरविले, तेव्हा प्रेक्षागृह आनंदाने दुमदुमले. सहा अजिंक्यपदांनी जे दिले नव्हते, ते उतारवयातील चिकाटीने दिले.

आता भिंतीवरील त्या चित्राकडे वळू. जिमी व्हाइट १९८४ साली आणि पुढे १९९० ते १९९४ अशी सलग पाच वर्षे अंतिम सामन्यात हरला. १९९२ मध्ये स्टीफन हेंड्रीविरुद्ध तो चौदा आठ असा पुढे होता. त्यानंतरचे सलग दहा डाव हेंड्रीने जिंकले. १९९४ मध्ये, व्हाइटच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, सामना सतरा सतरा असा अडला. शेवटच्या डावात विजय दृष्टिपथात असताना एक सोपा काळा चेंडू त्याच्याकडून हुकला. उरलेला वेळ त्याने खुर्चीवर बसून काढला, आणि सामना संपल्यावर उठून हसतमुखाने हेंड्रीचे अभिनंदन केले. ज्यांच्या हातून आयुष्यात एखादी हाती आलेली गोष्ट निसटली आहे, त्यांना तो त्या क्षणी आपला वाटला. अशांची संख्या जगात जेत्यांपेक्षा फार मोठी आहे! हेंड्रीने सात अजिंक्यपदे मिळविली. टाळ्या मात्र व्हाइटच्या वाट्याला अधिक आल्या.

परंतु लोकांचे प्रेम नेहमीच शहाणे असते असे नाही. बेलफास्टचा अलेक्स हिगिन्स १९७२ आणि १९८२ मध्ये जगज्जेता झाला. त्याचा वेगवान, बेभान खेळ पाहण्यास झुंबड उडे. १९८२ मध्ये जिंकल्यावर तो रडत रडत आपल्या तान्ह्या मुलीला जवळ बोलावीत होता, ते दृश्य अनेकांच्या स्मरणात आहे. पण याच हिगिन्सने १९८६ मध्ये एका अधिकाऱ्याला डोक्याने धडक मारली. १९९० मध्ये दुसऱ्या एकास ठोसा लगावला. दारू आणि जुगार यांनी संसार मोडला, पैसा गेला. त्याच्या प्रत्येक बेतालपणाला 'वल्ली आहे' म्हणून हसणारे पुष्कळ होते. हात धरून थांबविणारे थोडे. २०१० साली कर्करोगाने खंगलेल्या अवस्थेत, एका लहानशा घरात, तो एकटाच असताना मरण पावला. अंत्ययात्रेला गर्दी लोटली. आम्हांस वाटते, त्या गर्दीतील थोडी माणसे वीस वर्षे आधी आली असती तर?

आजचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू रॉनी ओ'सुलिव्हन. १९९७ मध्ये त्याने १४७ गुणांचा संपूर्ण डाव साडेपाच मिनिटांच्या आत पुरा केला. २००१ पासून २०२२ पर्यंत सात वेळा तो जगज्जेता झाला. पण त्याचे चाहते त्याच्या वेगाइतकेच आणखी एका गोष्टीसाठी त्याला मानतात: मनाला ग्रासणाऱ्या उदासीनतेविषयी तो उघडपणे बोलतो. आपल्याकडे पुरुषमाणूस असे दुःख शेजाऱ्यालाही सांगत नाही.

या खेळाची आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. खेळाडूच्या बाहीचा किंवा बोटाचा चेंडूला नकळत स्पर्श झाला, तर तो 'फाउल' ठरतो. पुष्कळदा पंचालाही तो दिसत नाही. अशा वेळी खेळाडूने आपण होऊन सांगावयाचे, अशी परंपरा आहे. जो सांगतो, त्याचे गुण जातात, मान वाढतो. म्हणूनच २०२३ मध्ये सामन्यांचे निकाल आधी ठरविण्याच्या आणि पैजा लावण्याच्या प्रकरणी चीनच्या दहा खेळाडूंवर बंदी आली, तेव्हा चाहते विशेष दुखावले. दोघांवर तर जन्माची बंदी आली. त्या दहांपैकी झाओ शिनटोंग याने स्वतःचा कोणताही सामना विकलेला नव्हता. परंतु दुसऱ्याच्या गैरव्यवहारात सामील असल्याचे आणि पैजा लावल्याचे त्याने कबूल केले. वीस महिन्यांची शिक्षा भोगून तो परतला, पात्रता फेरीपासून चढत गेला आणि २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविणारा चीनचा पहिला खेळाडू ठरला. काहींनी त्याला क्षमा केली, काहींनी अद्याप केलेली नाही. दोन्ही पक्ष समजण्याजोगे आहेत. मात्र शिक्षा पुरी भोगून पुन्हा तळापासून आरंभ करणे ही सोपी गोष्ट नव्हे.

जुलै २०१६ मध्ये इंडियन ओपन ही व्यावसायिक स्पर्धा हैदराबादेतच झाली. स्कॉटलंडच्या अँथनी मॅकगिलने इंग्लंडच्या कायरन विल्सनला पाच दोनने हरविले. हरलेला विल्सन पुढे २०२४ मध्ये जगज्जेता झाला. त्या दिवशी केवळ निकाल पाहून घरी परतलेल्यास त्याच्यातील पुढचा जेता दिसला नसेल. खुर्चीवर बसलेल्या विल्सनकडे ज्याने लक्ष दिले, त्याला कदाचित दिसला असेल.

तेव्हा आमच्या भगिनींना आमचे सांगणे असे, की ते चित्र भिंतीवर खुशाल राहू द्यावे. मुलाला एवढेच विचारावे, "बाळा, तुला याचे काय आवडते?" खेळाडू कसा हरला आणि तरी कसा उभा राहिला, असे त्याने सांगितले, तर काळजीचे कारण नाही. त्याची बेफिकिरी आणि उधळपट्टी आवडते असे म्हणाला, तर शेजारी बसून अलेक्स हिगिन्सची गोष्ट सांगावी. स्नूकर हॉलमध्ये पैशांवर डाव लागतात काय, हेही विचारून ठेवावे.

आणि आपण इतरांनी? शाळेचा निकाल लागतो, तेव्हा पहिल्या आलेल्या मुलाच्या घरी पेढे वाटले जातात, सारा गाव त्याच्या पाठीवर हात फिरवितो. ते योग्यच आहे. पण त्याच आळीत एखादे मूल नापास होऊन पडवीच्या कोपऱ्यात बसलेले असते, आणि त्याच्याकडे पाहण्याचे आपण टाळतो. सहा वेळा हरलेल्या परक्या माणसाला टाळ्या देण्याइतके मोठे मन जगात आहे. त्यातील थोडे आपल्या पडवीपर्यंत पोहोचावे. यंदा निकालाच्या दिवशी पेढे घेऊन निघाल, तेव्हा त्या दुसऱ्या घराची पायरीही अवश्य चढा.