कान दोनच, मग स्पीकर सात कशाला?

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तिथे मराठीचा तास म्हणजे शेवटच्या बाकावर बसून डबा संपवायचा तास! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं आणि वाचकांनी पोटात घालावं. तरीही हा लेख मराठी विभागासाठीच लिहितेय, कारण या विषयावर आमच्या होस्टेलमध्ये जी भांडणं होतात ती सगळी मराठीतच होतात.

विषय आहे : गेम खेळायला हेडफोन घेताना 'सराउंड साउंड' कुठला घ्यावा?

हसू नका! मेसच्या रांगेत या प्रश्नावर जेवढी चर्चा होते तेवढी प्लेसमेंटवरही होत नाही. आणि स्टाफमधल्या वाचकांनीही लगेच पान उलटू नये. या विषयाचा संबंध आपल्या अभ्यासक्रमाशी आहे, घरून येणाऱ्या पैशांशी आहे, आणि कानांशी तर आहेच.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करते. गेल्या दिवाळीत बाबांकडून ४५०० रुपये घेतले. कारण सांगितलं, "लेक्चर ऐकायला चांगले हेडफोन हवेत." बाबा म्हणाले, "घे की. पण एकदाच चांगले घे, सारखे सारखे नकोत." सुट्टी संपवून येताना पुण्यात तपकीर गल्लीत शिरले. दुकानदार काकांनी दोन जोड्या काढल्या. एकीचा आवाज स्वच्छ, वजन हलकं, पण खोक्यावर काही विशेष लिहिलेलं नाही. दुसरीच्या खोक्यावर कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात '७.१ सराउंड', वर लाल-निळे दिवे. किंमत जवळपास सारखीच. मी कुठली घेतली असेल ते सांगायला नकोच!

त्यानंतर होस्टेलची व्हॅलोरंट स्पर्धा झाली. आमचा पाच जणींचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पावलांचा आवाज ऐकून कोण कुठून येतंय ते सांगायचं काम माझ्याकडे, कारण ७.१ माझ्याकडे ना! शेवटच्या राउंडला मी ओरडले, "पुढून येतायत, पुढून!" सगळ्या जणी पुढे बंदुका रोखून उभ्या. आणि ते आले मागून. मॅच गेली. त्या रात्री मी नेटला, पिंगला आणि होस्टेलच्या वाय-फायला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी रूममेट म्हणाली, "भांडू नकोस, टेस्ट करू." तिने कस्टम मॅच लावली. मी डोळे मिटून बसायचं, ती माझ्या भोवती चालणार, मी हाताने दिशा दाखवायची. डावं-उजवं एकदाही चुकलं नाही. पण पुढे की मागे, इथे मी सरळ सरळ अंदाजपंचे दाहोदर्से! मग तिने हेडफोनच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१ बंद केलं, फक्त गेमच्या सेटिंगमधलं एचआरटीएफ चालू ठेवलं आणि परत चालायला लागली. या वेळी चुका झाल्या, पण बऱ्याच कमी. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी पैसे मोजले होते, तीच बंद केल्यावर मला नीट ऐकू यायला लागलं!

असं का झालं? इथे आपला अभ्यासक्रम कामाला येतो.

आवाज उजवीकडून आला की तो उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात जरा उशिरा. डोक्याला वळसा घालून जाणारं हे जास्तीचं अंतर साधारण २२ सेंटिमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर फरक येतो सुमारे ०.६५ मिलिसेकंद. ४८ किलोहर्ट्झच्या ऑडिओत हे जेमतेम ३१ सँपल्स! एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ओळखतो. शिवाय उंच पट्टीच्या आवाजांना डोकं आडवं येतं, म्हणून लांबच्या कानाला ते बारीक ऐकू येतात. लॉर्ड रॅली यांनी या दोन खुणांचा सिद्धांत १९०७ मध्येच मांडला होता.

पण आवाज बरोबर समोरून किंवा बरोबर मागून आला तर दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. मग पुढचं-मागचं कसं कळतं? कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे. प्रत्येक दिशेचा आवाज त्या घड्यांमध्ये थोडा वेगळा गाळला जातो, आणि तेवढ्यानेही कळलं नाही तर आपण मान किंचित वळवून खात्री करून घेतो. डोकं, खांदे आणि पाळी मिळून आवाजावर जो फिल्टर लावतात त्यालाच हेड रिलेटेड ट्रान्स्फर फंक्शन, म्हणजे एचआरटीएफ म्हणतात. १९९४ साली एमआयटी मीडिया लॅबमध्ये 'केमार' नावाच्या पुतळ्याच्या कानात मायक्रोफोन बसवून ७१० ठिकाणांहून हे फिल्टर मोजले होते. गेममधल्या पावलांचा आवाज अशा फिल्टरशी कन्व्हॉल्व्ह केला की साध्या दोन स्पीकरच्या हेडफोनमधूनही आवाज मागून आल्यासारखा वाटतो. हो, तेच कन्व्हॉल्यूशन, जे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो आणि नंतर विसरून जातो!

आता ७.१ चं बघू. ही सोय मुळात थिएटरची आणि दिवाणखान्याची. आपल्या भोवती सात स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. हेडफोनमध्ये ती दोन प्रकारे येते. पहिला प्रकार 'ट्रू ७.१'. यात एकेका कपात तीन-चार लहान ड्रायव्हर कोंबलेले असतात. पण ते सगळे कानापासून दोन-चार सेंटिमीटरवर! डावीकडचा आवाज डोक्याला वळसा घालून उजव्या कानात येतच नाही. वजन मात्र मानेवर येतं. दुसरा प्रकार 'व्हर्च्युअल ७.१'. यात गेम सात दिशांचे आवाज देतो आणि सॉफ्टवेअर ते फिल्टर लावून दोन कानांत बसवतं. कल्पना चांगली आहे, पण उंची नाही. वरच्या मजल्यावरचा माणूस आणि खालचा माणूस यांना या सात स्पीकरांत वेगळी जागाच नसते.

एक सोपी परीक्षा सांगते. हेडफोनला फक्त एक ३.५ मिलिमीटरची पिन असेल, तर तिच्यातून डावं, उजवं, माइक आणि ग्राउंड एवढंच जातं. अशा हेडफोनच्या खोक्यावर ७.१ लिहिलं असेल तर ते ७.१ हेडफोनमध्ये नाही, पीसीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि सॉफ्टवेअरच हवं असेल तर विंडोज सोनिक २०१७ पासून विंडोजमध्ये फुकट आहे! डॉल्बी अॅटमॉस आणि डीटीएस हेडफोन एक्स यांना पैसे पडतात, पण आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतात. या तिघांत उंचीचीही सोय आहे, मात्र गेमने ती माहिती पुरवली तरच.

माझा घोळ असा झाला होता की मी दोन्ही चालू ठेवलं होतं. गेमने एचआरटीएफ लावून दोन कानांसाठी आवाज तयार करून दिलेला, आणि त्यावर हेडफोनच्या सॉफ्टवेअरने पुन्हा आपलं ७.१ लावलेलं. साखर घातलेल्या चहात दुसऱ्याने येऊन परत साखर घालावी तसं! पुढचं-मागचं सगळं त्या पाकात विरघळून गेलं.

तेव्हा माझं स्पष्ट मत असं आहे. पहिलं, खोक्यावरच्या ७.१ ला एक रुपयाही जास्त देऊ नका. तेवढ्याच पैशात चांगला साधा स्टिरिओ हेडफोन घ्या, जो हलका आहे आणि ज्याच्या कुशन बदलता येतात. दुसरं, गेममध्ये स्वतःचं एचआरटीएफ असेल तर तेच चालू ठेवा आणि बाकी सगळं बंद करा. माणूस नेमका कुठे उभा आहे हे गेमइतकं कोणालाच माहीत नसतं. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये ही सोय २०१६ ला आली, व्हॅलोरंटमध्ये २०२१ ला. तिसरं, गेममध्ये ती नसेल तर आधी विंडोज सोनिक लावून बघा, मग अॅटमॉसची ट्रायल. डोळे मिटून टेस्ट करा. फरक कळला तरच पैसे भरा.

आमच्या विंगमधल्या सीनियर ताईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, "अगं, सगळे काय स्पर्धाच खेळतात का? मला गोष्टीच्या गेममध्ये अॅटमॉस लावलं की जंगलात बसल्यासारखं वाटतं." तिचंही बरोबर आहे. सिनेमा बघताना, एकट्याने निवांत खेळताना तो पसारा छान वाटतो. शिवाय हे फिल्टर सरासरी कानावर बेतलेले असतात, आणि आपला कान सरासरी असेलच असं नाही. म्हणून मला अॅटमॉस पटलं नाही आणि तिला पटलं, यात दोघींपैकी कोणी खोटं बोलत नाही. पण खोक्यावरची अक्षरं वाचून हे ठरत नाही एवढं तर ती पण मान्य करते.

आता शेवटचं, आणि हेच सांगण्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसले. ७.१ मध्ये पावलं नीट कळत नाहीत म्हणून मी काय करत होते? आवाज वाढवत होते. रात्री झोपताना कानात बारीक शिट्टी वाजायची, मला वाटायचं पंख्याचा आवाज आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. आमच्याकडे परीक्षेनंतर ४ तास एका रात्रीत होतात!

मला हे लक्षात आणून दिलं माझ्या रूममेटने. तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झाले होते, त्यात तो कान गेला. ती विंडोजमध्ये मोनो ऑडिओ लावते, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज तिच्या चांगल्या कानात येतो, पण दिशा कळत नाही. ती मॅपवर नजर ठेवून खेळते. रस्ता ओलांडताना हॉर्न कुठून आला ते कळत नाही म्हणून दोन्हीकडे दोनदा बघते. माझी टेस्ट घेताना तासभर माझ्या भोवती चालत होती ती हीच. टेस्ट संपल्यावर तिने काही भाषण दिलं नाही. फक्त माझा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला आणि म्हणाली, "एवढ्यावर ऐकू येतं का बघ." आलं की!

ते ७.१ चे हेडफोन अजून वापरतेय, ७.१ बंद करून. बाबांना मागच्या आठवड्यात फोनवर खरं सांगितलं की ते लेक्चरसाठी नव्हते. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, पण आवाज कमी ठेव."

तुमचं मत वेगळं असेल तर मेसमध्ये भेटा. पण येताना डोळे मिटून टेस्ट करून या हं!

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी