सिद्धरामांची दीक्षा आणि प्लेटोचा बाप्तिस्मा

अक्कलकोटहून दुधनीकडे निघाले की वाटेत मैंदर्गी लागते. घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही भाषा एकाच वाक्यात, असा इथला रोजचा व्यवहार. ‘सीमाभाग’ म्हटले की आपल्याला नकाशा, आयोग आणि आंदोलने आठवतात. जुन्या विचारांचा नवा अर्थ कसा लावला जातो हे पाहायला मात्र या भागासारखी जागा महाराष्ट्रात क्वचित सापडेल. ती दिसण्यासाठी आधी इटलीत डोकवावे लागते.

१३५४ च्या सुमारास पेत्रार्क या इटालियन कवीच्या हाती होमरची ग्रीक पोथी आली. त्याने ती आनंदाने छातीशी धरली, पण त्याला ग्रीक वाचता येत नव्हते. आपल्यापुढे होमर मुका आहे, अशा आशयाची खंत त्याने पोथी पाठवणाऱ्याला कळवली. ही कोंडी फुटायला १३९७ साल उजाडले. मान्युएल क्रायसोलोरास कॉन्स्टँटिनोपलहून फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवायला आला आणि एक सबंध पिढी मूळ पोथ्या वाचू लागली. युरोपच्या प्रबोधनकाळाचे श्रेय आपण चित्रकारांना आणि सावकारांना देतो. भाषेच्या या मास्तराला त्यातला मोठा वाटा मिळायला हवा.

पुढे कोसिमो दे मेदिचीने मार्सिलिओ फिचिनोकडे प्लेटोची पोथी सोपवली. फिचिनोने सगळा प्लेटो लॅटिनमध्ये आणला आणि तो १४८४ मध्ये छापला गेला. काम प्रचंड होते, पण फिचिनो नुसता अनुवादक नव्हता. तो श्रद्धावान ख्रिस्ती होता, पुढे पाद्रीही झाला. प्लेटो आपल्याच धर्माची वाट तयार करत होता, अशी त्याची खात्री होती. त्यासाठी त्याने एक गुरुपरंपराच मांडली. तिच्या मुळाशी हर्मिस नावाचा प्राचीन इजिप्शियन ऋषी आणि टोकाला प्लेटो. कोसिमोलाही हर्मिसची इतकी ओढ, की प्लेटो बाजूला ठेवून आधी हर्मिस पुरा करायला त्याने सांगितले. १६१४ मध्ये आयझॅक कॅसोबाँ या पंडिताने हर्मिसच्या नावावरच्या ग्रंथांची भाषा तपासली आणि ते ख्रिस्तोत्तर काळातले असल्याचे दाखवून दिले. फिचिनोच्या परंपरेचा पायाच निखळला. त्याच्या अनुवादाचे मोल मात्र त्यामुळे कमी झाले नाही.

आता सोलापूर. बाराव्या शतकात या गावाला सोन्नलिगे म्हणत. सिद्धराम इथे तलाव खोदत होते, देवळे बांधत होते आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या नाममुद्रेने कन्नडमध्ये वचने, म्हणजे छोटी गद्यकाव्ये, रचत होते. कर्नाटकातल्या कल्याण नगरीतल्या उलथापालथीनंतर वचने रचणारे शिवभक्त, म्हणजे शरण, पांगले, वचने विखुरली. ती पुन्हा गोळा झाली पंधराव्या शतकात, विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाच्या काळात. त्याची कारकीर्द १४२४ ते १४४६. म्हणजे प्लेथॉन हा ग्रीक पंडित फ्लॉरेन्समध्ये प्लेटोची थोरवी सांगत होता, त्याच सुमारास तुंगभद्रेकाठी वचनांचा शोध चालू होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण काम एकाच जातीचे होते आणि जुने आपल्या रंगात रंगवण्याचा त्यातला मोहही एकच होता.

त्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्यांनी ‘शून्यसंपादने’ हा ग्रंथ सिद्ध केला. विखुरलेली वचने त्यांनी संवादात गुंफली आणि मध्यभागी ज्ञानमार्गी शरण अल्लमप्रभूंना बसवले. त्यातला सोन्नलिग्याचा प्रसंग सोलापूरच्या प्रत्येक माणसाने वाचावा असा आहे. तलावाचे खोदकाम चालू असताना अल्लम येतात आणि तळे खोदणारा मजूर म्हणून सिद्धरामांना हिणवतात. कामावरची माणसे चिडून दगड मारू लागतात. मग स्वतः सिद्धराम सामोरे येतात आणि वाद रंगत जातो. माती उपसून, देवळे उभारून ज्ञान मिळते का, हा अल्लमांचा सवाल. अखेर सिद्धराम नमतात. कर्मयोगी सिद्धरामांना ज्ञानमार्गाचा शिष्य करणारे हे वाचन पंधराव्या शतकातल्या संपादकाचे आहे, हे विसरून चालत नाही.

त्याहून बोलकी गोष्ट पुढची. या पहिल्या संपादनेत सिद्धरामांची लिंगदीक्षा, म्हणजे अंगावर इष्टलिंग धारण करण्याची दीक्षा, नाही. नंतरच्या संपादकांना ते खटकले. एवढा मोठा शरण दीक्षेविना कसा? त्यांनी दीक्षेचा प्रसंग ग्रंथात आणला. फिचिनोने प्लेटोला बाप्तिस्मा दिला तो असाच, प्रेमापोटी आणि आपल्या काळाच्या गरजेपोटी. यात लबाडी शोधणे अन्यायाचे होईल. पण बाराव्या शतकातला सिद्धराम कोणता आणि नंतरच्या संपादकांचा कोणता, हे वाचकाला कळायलाच हवे. तो त्या सिद्धरामांचाही हक्क आहे.

मूळ पाठ आणि नंतरची भर वेगळी ठेवण्याची ही शिस्त मराठीला परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. कन्नडमध्ये विजापूरच्या फ. गु. हळकट्टींनी खेडोपाडीच्या ताडपत्र्या जमवून १९२३ मध्ये ‘वचनशास्त्रसार’ छापले. आणि भीमेपलीकडे निंबाळला तर गुरुदेव रा. द. रानडे राहत. हेराक्लिटसवर लिहिणारा, उपनिषदे ग्रीकांशेजारी ठेवून वाचणारा, मराठी आणि कन्नड संतांवर सारख्याच अधिकाराने बोलणारा हा माणूस मैंदर्गीच्या शेजारचाच म्हणायचा. रानड्यांना हे जमले, कारण त्यांना कोणाचीच पोथी मुकी नव्हती.

आज मैंदर्गीच्या पोराची गत पेत्रार्कच्या उलट आहे. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला आजीचे कन्नड कळते, वचन कानावर पडले तर अर्थही लागतो. छापलेले पान पुढे आले की तो थबकतो, कारण लिपी त्याला कोणी शिकवलेली नसते. कन्नड शाळेतल्या मुलाला निदान मराठी विषय सक्तीने शिकावा लागतो. मराठी शाळेतल्या मुलासाठी उलट सोय नाही. भाषेचा अभिमान आडवा येत असेल, तर तो अभिमान आपल्याच मुलांचे नुकसान करतो आहे. भाषा येणाऱ्या मुलाला लिपी शिकायला फार तर काही महिने लागतील.

अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, म्हणजे शिकवणारे इथेच आहेत. शेजारच्या मराठी शाळेत आठवड्याला दोन तास त्यांना पाठवता येईल. आणि सोलापूर विद्यापीठाने सिद्धरामांच्या प्रसंगाचे संपादनांतले निरनिराळे पाठ शेजारी शेजारी छापावेत, समोर मराठी अनुवाद द्यावा. हे काम करायला पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला आधी कन्नड शिकावे लागेल. मैंदर्गीच्या मुलीने ते आजीकडून घेतलेच आहे.